उजवा पाय

मशीन आपोआप चाललं. दुपारचे चार वाजले असतील. बँकेतल्या उंच बाईंची राखाडी पँट मी खालून दोन बोटं कमी करत होते, खडूची रेघ संपली तिथे थांबले, हात उचलले, दोरा तोडायला कात्री शोधू लागले आणि सुई पुन्हा खाली गेली. टक. टक टक. कापडावर चार-पाच टाके पडले, वाकडे, रेघ सोडून. डावं बोट सुईखाली यायचं थोडक्यात राहिलं. बाई समोरच उभ्या होत्या, त्यांनी फोनमधून मान वर काढून विचारलं, झालं का. मी म्हटलं, मशीन जुनं झालंय, उद्या या. एकतीस वर्षांत पँटच्या दुमडीसाठी मी कुणाला उद्या या म्हटलेलं नाही. हे काम गिऱ्हाइकाला उभ्या-उभ्या करून द्यायचं असतं, म्हणून तर बुसान बंदराच्या या चढावर, एकशे चाळीस पायऱ्या चढून, लोक माझ्या दहा बाय सातच्या दुकानात येतात. जाताना बाईंनी मशीनकडे न बघता माझ्याकडे बघितलं, आणि मला ते आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी बे मिस्त्री आला. माझं लग्न झालं तेव्हापासून हा माणूस या डोंगरावरच्या सगळ्या शिवणाच्या मशीन दुरुस्त करतो, आता त्यालाच दुरुस्तीची गरज आहे, पण कान अजून तिखट. खुर्चीत बसला, चिंधीवर हातभर टीप मारली, थांबला, परत मारली, डोळे मिटून ऐकलं. मग पॅडल उलटं करून वायर पाहिली आणि म्हणाला, "मशीन ठणठणीत आहे, हेरानची आई. पॅडलवर पाय कुणाचा होता?" भुताचा, मी म्हटलं, आणि दोघंही हसलो. त्याला पुडीची कॉफी करून दिली, माझ्यासाठी केली, तो गेला. मी दाराची कडी लावली, मशीनचं बटण बंद केलं आणि पॅडलवर पाय ठेवून नुसती बसून राहिले. पायाला म्हटलं, तू आराम कर, मी तुझ्याकडे बघत नाही. खिडकीबाहेर वाळत घातलेले मासे बघत बसले. थोड्या वेळाने टाच जमिनीवरच राहिली आणि चवडा वर-खाली, वर-खाली, एका लयीत, माझी परवानगी न घेता हलू लागला. मुद्दाम दाबला की थांबे. उचलला की थांबे. उभी राहून दोन पावलं टाकली की जणू काही झालंच नव्हतं. बसून मोकळा सोडला की पुन्हा सुरू. तो पाय मी ओळखला. तो आमच्या ह्यांचा पाय होता.

आमचे हे, तेकसू, गोदीत जहाजांचा गंज हातोडीने पाडायचे. दिवसभर लोखंडावर लोखंड आपटून कान गेलेला, म्हणून घरात ओरडून बोलायचे, आणि शेजाऱ्यांना वाटायचं आमचं भांडण चाललंय. भांडण फारसं नव्हतंच. असलं तर एकाच गोष्टीवरून. निवृत्तीनंतर दोन-तीन वर्षांनी जेवताना त्यांचा उजवा पाय हलायला लागला. आम्ही जमिनीवर बसूनच जेवतो, बुटक्या मेजाभोवती, आणि ह्यांचा गुडघा मेजाच्या पायाला लागला की मुळ्याच्या लोणच्याच्या पाण्याची वाटी थरथरायची. आमच्याकडे लहानपणापासून प्रत्येकाच्या मांडीवर यासाठी चापट बसलेली असते. पाय हलवला की बोक सांडतं, म्हणजे घरातली बरकत सगळी गळून जाते. सासू सुनेला सांगते, मास्तर पोरांना, कंपनीतला साहेब कारकुनाला. मीही सांगितलं. "अहो, किती हलवाल, बोक जाईल." ते पाय थांबवायचे, ओशाळून हसायचे, दोन घास झाले की पुन्हा सुरू. मग मी चापट मारायचे. आधी गमतीने, नंतर जरा जोरात. एकदा लेकीचे, हेरानचे, सासू-सासरे पहिल्यांदा घरी जेवायला आले होते, तेव्हा मी मेजाखालून ह्यांच्या गुडघ्यावर चमच्याची पाठ अशी हाणली की ते कळवळले, आणि तरी पाहुण्यांना हसून भात वाढत राहिले. हे मला कुणी विचारलेलं नाही. पण आता मशीनवर बसलं की रोज आठवतं, आणि लाज वाटते.

तर मला कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि मानणं वेगळं, त्यासाठी मी आठ महिने घेतले. आधी ठरवलं, कॉफीचा दोष. दिवसातून सहा पुड्या कॉफी पिणाऱ्या बाईचा पाय नाचणार नाही तर काय. बंद केली. डोकं चार दिवस ठणकलं, पायाला काही फरक नाही. मग कोपऱ्यावर डब्यात भरून भाज्या-लोणची विकणारी यॉनओक म्हणाली, ताई, वय झालं की अंगातलं मीठ-पाणी कमी होतं, केळी खा. केळी खाल्ली. ती म्हणाली, कोमट पाण्यात आलं घालून पाय बुडव. बुडवले. तिच्या दिराला गळ्याच्या गाठीमुळे थरथर होती, ती औषधाने गेली. तिच्या मामाला सकाळी दारू मिळाली नाही की थरथर व्हायची, ती दारूने जायची. यॉनओकच्या नात्यात प्रत्येक रोगाचा एक माणूस आहे, आणि ती त्याची गोष्ट भाजी चिरता-चिरता सांगते, म्हणून तिच्याकडे जाऊन बसावंसं वाटतं. सरकारी दवाखान्यात साखर तपासून घेतली, ठीक निघाली. सुईवाल्या वैद्याने गुडघ्याखाली सात सुया टोचल्या आणि सांगितलं, काळजी कमी करा. काळजीने पाय हलतो हे खरंच होतं. हेरानचा फोन आला की जास्त हले. पण फोन नसला तरी हले.

कुणालाही खरं सांगितलं नाही. काय सांगणार होते? ह्यांचंही असंच सुरू झालं होतं, एका पायाने. मग चालताना उजवा हात लटकून राहायला लागला. मग शर्टाची बटणं. मग चेहरा असा झाला की विनोद सांगितला तरी भिंतीला सांगितल्यासारखं वाटे, आणि मी त्यांच्यावर चिडायचे की हसायला काय पैसे पडतात का. ज्या डॉक्टरकडे आम्ही सर्दी-खोकल्यापासून सगळ्यासाठी जायचो तो म्हणाला, कंपवात, म्हातारपणाचं आहे, आणि गोळ्या वाढवल्या. मग एक दिवस ते पायऱ्यांवरून पडले, खुबा मोडला, आणि एकशे चाळीस पायऱ्यांवरच्या घरात त्यांना मी एकटी कशी वर आणणार. हेराननेच सुश्रूषालय शोधलं. सहा खाटांची खोली, सहा म्हातारे, सहा टीव्हींवर एकच कुस्ती. मी दर रविवारी जायचे. ते विचारायचे, घरी कधी. मी सांगायचे, चुसॉकनंतर, सणाची गर्दी ओसरू द्या. पहिला चुसॉक गेला. दुसऱ्याच्या नऊ दिवस आधी ते गेले. मला कसली भीती वाटत होती हे मी लपवत नाही: पाय हलतो हे कळलं की त्याच खोलीतली एक खाट माझी होणार. दुकान जाणार, मशीन जाणार, आणि रविवारी हेरान येऊन मला चुसॉकनंतर म्हणणार. म्हणून मी पॅडल डाव्या पायाला घेतलं. टीप वाकडी यायची, उसवून पुन्हा मारायचे. उजवा पाय खुर्चीच्या दांडीत अडकवून ठेवायचे. गिऱ्हाईक बसलं की उभी राहायचे. लोक म्हणायचे, काय उत्साह आहे तुम्हाला या वयात.

ह्यांच्या वर्षश्राद्धाला हेरान सुवॉनहून आली. तांदळाची दारू, नासपती, भाजलेला मासा, आणि त्यांना आवडायचे म्हणून लाल घेवड्याचे लाडू, सगळं मेजावर मांडलं, तिने वाकून नमस्कार केले, मी केले. मग तेच ताट पुढे घेऊन आम्ही दोघी जेवायला बसलो. मी पाय मांडीखाली घट्ट दाबून बसले होते, पण बोलण्याच्या नादात तो सुटला. माशाच्या ताटलीवर चमचा वाजायला लागला. हेरानला आधी गंमत वाटली. तिने माझ्याच सुरात म्हटलं, "आई, बोक जाईल हं," आणि हसत माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. हात तिने काढला नाही. मी पाय थांबवला, तीन-चार श्वास थांबवला, आणि मग तो तिच्या तळहाताखाली पुन्हा हलू लागला. तिचं हसू गेलेलं मी पाहिलं. ती हळूच म्हणाली, "किती दिवस?" मी म्हटलं, जेव. ती म्हणाली, मोठ्या इस्पितळात जाऊ, मी रजा काढते. माझ्या तोंडून निघून गेलं, "खाट बघून ठेवलीस का?" असं बोलायचं नव्हतं. तिने बापाच्या तसबिरीकडे पाहिलं, मग ताटाकडे, आणि माशाचे काटे काढून मांस माझ्या भातावर ठेवत राहिली, लहानपणी मी तिला ठेवायचे तसं. दुसऱ्या दिवशी पायऱ्या उतरताना तिने मागे वळून पाहिलं नाही. रडताना ती कधीच वळून बघत नाही.

त्यानंतर आठवड्याने एक मुलगा जाकीट आणि चिठ्ठी घेऊन परत आला. मी कपड्यांना टाचणीने नावाची चिठ्ठी लावते. तो म्हणाला, आजी, हे दुसऱ्याचं जाकीट आहे, आणि हे काय लिहिलंय ते भिंग लावून वाचावं लागेल. मी चिठ्ठी पाहिली. नावाचं पहिलं अक्षर बरं होतं, पुढची मुंगीएवढी होत गेलेली. ह्यांनी सुश्रूषालयाच्या कागदावर सही केली होती, ती अशीच शेवटी-शेवटी मावळून गेली होती. त्या दिवशी मी दुकानाला कुलूप लावलं आणि कुणालाही न सांगता खालच्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात मेंदूच्या डॉक्टरची वेळ घेतली. शूरपणा वगैरे काही नाही. रोज एकटीने त्या अक्षरांकडे बघणं मला झेपेना.

डॉक्टर हेरानपेक्षाही लहान. केस रबराने बांधलेले, टेबलावर अर्धी खाल्लेली भाताची गुंडाळी. तिने मला चालवलं, वळवलं, बोटं चिमटीत उघड-मीट करायला लावली, मनगट धरून फिरवलं, मग खुर्चीत बसवून शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं, आणि मी त्र्याण्णव, शहाऐंशी करत असताना माझ्या पायांकडे बघत राहिली. उजवा पाय हलत होताच, आणि डावाही थोडासा, हे मला माहीत नव्हतं. मग विचारलं, "गोळ्या काय काय घेता?" मी पर्स उघडून पुड्यांची पट्टी काढली. आमच्याकडे औषधवाला एका वेळेच्या सगळ्या गोळ्या एकाच पुडीत बंद करून देतो, सकाळ, दुपार, रात्र, पुडी फाडायची आणि तोंडात टाकायची. आत काय आहे कोण बघतं. तिने एक पुडी फाडून गोळ्या ताटलीत ओतल्या आणि पेनाने एकेक बाजूला सारली. ही रक्तदाबाची. ही गुडघ्याची. पेन एका पांढऱ्या लांबट गोळीवर थांबलं. "आणि ही?" मी म्हटलं, "ती औषध नव्हे, ती पोटाची आहे." ती हसली नाही. कुठल्याही गोळ्यांबरोबर आम्हाला एक पोटाची देतात, बाकीच्या सोसाव्यात म्हणून. तिला कुणी औषध म्हणत नाही. मागून घेतात. दिली नाही तर डॉक्टर कंजूष आहे म्हणतात.

ती सावकाश बोलत होती, मी बहिरी असल्यासारखी. पाय अनेक कारणांनी थरथरतात, म्हणाली, दमणूक, काळजी, कॉफी, गळ्याची गाठ. त्यातलं बरंचसं साधं असतं. पण आराम करताना थरथरणारा पाय, मंद झालेली चाल, बारीक होत जाणारं अक्षर, हे दिसलं की आठ महिने नाही, आठ दिवसही थांबू नये. आणि अचानक एक बाजू लुळी पडली, जीभ जड झाली, तर मग वेळ घेत बसायचं नाही, तडक रुग्णवाहिका. तुमच्या बाबतीत मला या गोळीचा संशय आहे. पोट हलतं ठेवणाऱ्या काही गोळ्या मेंदूपर्यंत पोहोचतात. वर्षानुवर्षं घेतल्या तर काही माणसांत हुबेहूब कंपवाताचं सोंग उभं राहतं. बाकीच्या चालू ठेवा, ही आजपासून बंद, तुमच्या डॉक्टरला मी पत्र देते. बहुतेकांना दोन-तीन महिन्यांत आराम पडतो. नाही पडला, तर मग तो आजार आतूनच होता असं धरून आपण उपचार करू. "चांगली बातमी आहे, आजी," ती म्हणाली. मग कागद पुढे ओढून विचारलं, "ही कधीपासून घेताय?"

मी सांगायला तोंड उघडलं. सहा वर्षं. तो दिवस मला स्वच्छ आठवत होता. ह्यांना आम्ही त्याच आमच्या डॉक्टरकडे नेलं होतं, कोबीच्या लोणच्याचे दिवस होते, माझं पोट गच्च झालं होतं, आणि मीच हसत म्हटलं होतं, ह्यांना जी पोटाची गोळी देता ना, तीच मलाही द्या, ह्यांना फार मानवते. ह्यांना ती त्याच्याही आधी तीन वर्षांपासून होती. पायाच्या आधीपासून. पुढे कंपवाताच्या गोळ्यांनी पोट ढवळायला लागलं तेव्हा डॉक्टरने ती दिवसातून तीनदा केली. सुश्रूषालयात ते तोंड घट्ट मिटून घ्यायचे, कुणाच्या हातून पुडी घ्यायचे नाहीत, परिचारिका वैतागायच्या. फक्त माझ्या हातून घ्यायचे. दर रविवारी दुपारची पुडी मी स्वतः फाडायचे, तळहातावर ओतायचे, एकही खाली पडू द्यायचे नाही.

"सहा वर्षं," मी म्हटलं. तिने लिहून घेतलं. मी विचारलं, "आमचे हे आठ वर्षं घेत होते. त्यांनाही कंपवात होता. तो यानेच का?" तिचं पेन थांबलं. बाहेर पुढच्या पेशंटचा नंबर पुकारला गेला. "मी त्यांना तपासलेलं नाही, आजी," ती शेवटी म्हणाली. "आता ते कुणालाच सांगता येणार नाही. खरा आजारही असू शकतो." पोरगी चांगली आहे. तिने खोटं सांगितलं नाही.

बाकावर बसून मी हेरानला फोन लावला. आजार नाही, गोळीचा दोष आहे, जाईल म्हणतात, एवढंच सांगितलं. ती ऑफिसातच रडायला लागली, मग हसली, मग म्हणाली, "बाबांचं नशीब नव्हतं तसं. तुझं तरी आहे." मी हो म्हटलं. ह्यांचीही गोळी तीच होती, एवढं एक तिला सांगायचं नाही, हे माझं तिथेच ठरलं. त्या पुड्या माझ्या हातच्या होत्या, तिला त्यात कशाला ओढू. पण जे कुणालाच सांगायचं नाही ते घेऊन एकशे चाळीस पायऱ्या चढणं जड जातं. दोन ठिकाणी बसले.

गोळी बंद केली आणि मी पायावर नजर ठेवून राहिले. आठ महिने ज्याने थांबावं म्हणून जीव टाकत होते, तो थांबू नये असं आता मधूनमधून वाटायला लागलं. हिशेब साधा होता. पाय हलत राहिला तर आजार माझा स्वतःचा, खाट माझी, आणि ह्यांचाही कदाचित त्यांचाच, नशिबाचा. पाय थांबला तर मी वाचले, दुकान वाचलं, आणि मग ह्यांचाही थांबला असता. ते पायऱ्यांवरून पडले नसते. लाल घेवड्याचे लाडू खात माझ्यासमोर बसले असते आणि मोठ्याने बोलले असते. डॉक्टर म्हणते सांगता येत नाही. पण दोन माणसं, एकच गोळी, एकच पाय. मी शिवणकाम करणारी बाई आहे, दोन तुकडे जुळतात की नाही एवढं मला कळतं. सकाळी उठले की अंथरुणातच पाय मोकळा सोडून वाट बघायचे, आणि तो हलला की भीती वाटायची, आणि भीतीच्या खाली कुठेतरी हायसंही वाटायचं. असं कुणाला वाटत असेल का? यॉनओकच्या नात्यात तरी असा माणूस ऐकलेला नाही.

दुसरा महिना संपता-संपता अक्षर मोठं झालं. मग एका गुरुवारी बँकेतल्या बाई आल्या, यावेळी काळी पँट, दोन बोटं कमी. यॉनओक दारात बसून लसूण सोलत होती. मी पॅडल उजव्या पायाखाली घेतलं, खडूच्या रेघेवरून टीप मारली, रेघ संपली तिथे थांबले आणि हात उचलले. थांबून राहिले. कात्री शोधली नाही. सुई वरच राहिली. बाईंनी फोनमधून मान वर केली. यॉनओक सगळं टाकून बघत होती, तिचे डोळे भरून आले, ती म्हणाली, "ताई, थांबला की गं."

"थांबला," मी म्हटलं. मग खाली वाकले, दोन्ही हातांनी तो गुडघा धरला आणि तिथेच, गिऱ्हाइकासमोर, ह्यांची क्षमा मागितली.